सल्फा म्हणजे गंधक नव्हे

रुग्णाच्या जुन्या कागदपत्रांवर लाल शाईने लिहिलेले ‘सल्फा ॲलर्जी’ हे शब्द आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले असतात. बहुधा ते एखाद्या रुग्णालयाच्या प्रवेशपत्रावर प्रथम लिहिले जातात आणि तेथून रुग्णाबरोबर आयुष्यभर फिरतात. हा रुग्ण आयुर्वेदीय चिकित्सेसाठी येतो तेव्हा त्या शब्दांचा अर्थ आपोआप विस्तारलेला असतो. सल्फा म्हणजे सल्फर आणि सल्फर म्हणजे गंधक, अशी साखळी त्याच्या मनात तयार झालेली असते. तो विचारतो, ‘वैद्यराज, मला लसूण चालेल का? कांदा, अंडी, कोबी सोडू का? आपण दिलेल्या पुडीत गंधक तर नाही ना?’

ह्या प्रश्नाला आपल्याकडून मिळणारी उत्तरे एकसारखी नसतात, हीच चिंतेची बाब आहे. काही वैद्य ‘विषाची परीक्षा कशाला’ असे म्हणून लसणापासून गंधक रसायनापर्यंत सर्व काही वर्ज्य करतात. काही जण ‘ते रासायनिक, आपले नैसर्गिक, काही होत नाही’ असे सांगून रुग्णाला निर्धास्त करतात. पहिल्या उत्तराने रुग्ण अकारण आहाराला आणि औषधाला मुकतो. दुसऱ्या उत्तराचा निष्कर्ष काही अंशी बरोबर असला तरी त्यामागचे कारण चुकीचे आहे, आणि चुकीच्या कारणावर उभा असलेला निष्कर्ष पुढच्या रुग्णाच्या बाबतीत दगा देतो. प्रस्तुत लेखात मला मांडावयाचे आहे ते थोडक्यात असे : सल्फा ॲलर्जी ही गंधकाची ॲलर्जी नव्हे, ती विशिष्ट घडणीच्या काही औषधांची ॲलर्जी आहे. म्हणून केवळ तिच्या नावाने आहार वा गंधककल्प वर्ज्य करण्याचे कारण नाही. मात्र ती औषधे कोणती, हे प्रत्येक वैद्याला नावानिशी ठाऊक असले पाहिजे.

नावाचा घोटाळा

नामसाम्यामुळे द्रव्याविषयी भ्रम होऊ नये ही शिकवण आपल्याला नवी नाही. ‘कुष्ठ’ हा शब्द व्याधीचाही वाचक आहे आणि वनस्पतीचाही. ‘अमृता’ म्हटल्यावर कोठे गुळवेल आणि कोठे हरीतकी घ्यावयाची, हे संदर्भावरून ठरते. रानात हिंडणारे गुराखी व मेंढपाळही औषधींची नावे आणि रूपे जाणतात, परंतु तेवढ्याने औषधीचे ज्ञान पूर्ण होत नाही, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. निघंटूतील एका शब्दाबाबत आपण जी दक्षता घेतो, ती रुग्णपत्रिकेवरील ‘सल्फा’ ह्या शब्दाबाबत घेत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

ह्या शब्दाची जन्मकथा पाहिली तर घोटाळा कोठे झाला हे ध्यानी येते. गेरहार्ड डोमाक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये ‘प्रॉन्टोसिल’ नावाच्या एका तांबड्या रंगद्रव्याचा जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांवर प्रयोग केला आणि १९३५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी दाखवून दिले की गुण तांबड्या रंगाचा नाही. शरीरात ह्या रंगद्रव्याचे विघटन होऊन ‘सल्फानिलामाइड’ हा रंगहीन पदार्थ वेगळा होतो आणि तो जंतूंची वाढ रोखतो. डोमाक ह्यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, परंतु तत्कालीन जर्मन सत्तेच्या दडपणामुळे त्यांना ते नाकारावे लागले. पदक त्यांच्या हाती पडले ते १९४७ मध्ये. सल्फानिलामाइडपासून पुढे अनेक औषधे सिद्ध झाली आणि त्या सर्वांना मिळून ‘सल्फा औषधे’ असे सुटसुटीत नाव पडले. म्हणजे ‘सल्फा’ हे ‘सल्फर’चे लघुरूप नसून ‘सल्फानिलामाइड’चे लघुरूप आहे. ते एका औषधकुलाचे नाव आहे, मूलद्रव्याचे नव्हे.

दोष कोणाचा?

सल्फा जातीच्या प्रतिजैविकांमध्ये गंधकाचा अणू आहे हे खरे. तथापि ॲलर्जी होते ती त्या अणूमुळे नव्हे. आपली प्रतिकारसंस्था रेणूची घडण ओळखते. त्यात गंधक आहे की नाही एवढ्यावर ती ठरवीत नाही. सल्फा प्रतिजैविकांच्या रेणूत दोन भाग विशेष आहेत. एका टोकाला बेंझिनच्या कड्याला जोडलेला अमाइन गट आहे आणि दुसऱ्या टोकाला नायट्रोजनयुक्त एक कडे आहे. यकृतात ह्या अमाइन गटाचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रॉक्सिलामाइन आणि त्यापुढे नायट्रोसो स्वरूपाचे तीव्र पदार्थ तयार होतात. हे पदार्थ शरीरातील प्रथिनांना चिकटतात आणि मग प्रतिकारसंस्था त्या प्रथिनांनाच परके समजू लागते. आठवड्या-दोन आठवड्यांनी उठणारे पुरळ, ज्वर आणि त्वचेची गंभीर हानी ह्यांचे मूळ प्रायः येथे आहे. अल्प प्रसंगी दिसणारी तत्काळ प्रतिक्रिया, म्हणजे अंगावर गांधी उठणे, श्वास कोंडणे इत्यादी, दुसऱ्या टोकाच्या कड्याशी संबंधित मानली जाते. गंधकाचा अणू ह्या दोहोंच्या मध्ये असतो. गुन्हा शेजाऱ्यांचा आणि नाव मात्र त्याचे, असा हा प्रकार आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. वर सांगितलेल्या तीव्र पदार्थांना निष्प्रभ करण्याचे काम शरीरात ग्लुटाथायोन हा पदार्थ करतो, आणि ग्लुटाथायोनची ही शक्ती त्यातील गंधकयुक्त सिस्टीन ह्या ॲमिनो आम्लावर अवलंबून असते. म्हणजे सल्फा ॲलर्जीच्या प्रक्रियेत आहारातून आलेले गंधक असलेच तर संरक्षकाच्या बाजूला असते. लसूण खाल्ल्याने सल्फा ॲलर्जी टळते असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. परंतु लसूण खाल्ल्याने ती उद्भवते ही कल्पना किती निराधार आहे, एवढे ह्यावरून कळावे.

पेनिसिलिनच्या रेणूतही गंधकाचा अणू आहे. तरीही ज्याला सल्फा सोसत नाही त्याला पेनिसिलिन केवळ त्या कारणाने निषिद्ध ठरत नाही. मूत्रल म्हणून दिले जाणारे फ्युरोसेमाइड, रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायाझाइड, मधुमेहावरील ग्लिमेपिराइड, वेदनाशामक सेलेकॉक्सिब ही औषधे तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने सल्फोनामाइडच आहेत. पण प्रतिजैविकांमधील तो विशिष्ट अमाइन गट त्यांच्यात नाही. ब्रिटनमधील रुग्णनोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सल्फा प्रतिजैविकाची ॲलर्जी झाली होती त्यांच्यापैकी ९.९ टक्के रुग्णांना पुढे अशा प्रतिजैविक नसलेल्या सल्फोनामाइडने प्रतिक्रिया आली. ज्यांना ॲलर्जी झाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण १.६ टक्के होते. एवढ्यावरून दोन्ही गटांचा परस्परसंबंध सिद्ध झाला असे वाटेल. परंतु त्याच रुग्णांमध्ये पेनिसिलिनला प्रतिक्रिया येण्याचे प्रमाण ह्याहूनही अधिक निघाले. सबब कारण रेणूंच्या साधर्म्यात नसून त्या व्यक्तींच्या प्रवृत्तीत आहे. काही व्यक्तींची प्रकृतीच औषधांच्या ॲलर्जीला अनुकूल असते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. पुरुषापुरुषागणिक परीक्षण करावे असे मानणाऱ्या आपल्या शास्त्राला हा निष्कर्ष परका वाटू नये.

सल्फोनामाइडच्या दोन उपकुलांतच जर असा भेद आहे, तर त्यांच्याहून सर्वस्वी निराळ्या घडणीच्या लसणाचा आणि गंधकाचा त्यांच्याशी संबंध जोडणे हे तर्काला धरून नाही.

आहारातील गंधक

गंधकाशिवाय आहार असूच शकत नाही. मेथिओनिन व सिस्टीन ही दोन्ही गंधकयुक्त ॲमिनो आम्ले आहेत आणि आपल्या प्रथिनांत ती सर्वत्र असतात. प्रौढ मनुष्याच्या शरीरात शंभर ग्रॅमहून अधिक गंधक असते. केस व नखे ह्यांच्या केराटिनला दृढता येते ती गंधकाच्या बंधांमुळे. इन्सुलिनच्या रेणूचा आकार टिकतो तोही अशाच तीन बंधांमुळे. थायामिन आणि बायोटिन ही दोन जीवनसत्त्वे गंधकयुक्त आहेत. आपल्या वरणभाताची पारंपरिक जोडी पाहा. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते तांदूळ पुरवितो. तांदळात लायसिन कमी असते, ते डाळ भरून काढते. म्हणजे सल्फा ॲलर्जीच्या रुग्णाने गंधक खरोखरच वर्ज्य करावयाचे ठरविले, तर त्याला लसणाआधी वरणभात सोडावा लागेल.

लसूण, कांदा, हिंग, मोहरी, मुळा, कोबी, शेवगा ह्यांचा उग्र वास व तीक्ष्णता गंधकयुक्त संयुगांतून येते. लसणाची पाकळी चिरडली की ॲलिसिन तयार होते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा वायूही गंधकयुक्तच. ह्यांपैकी एकाही संयुगाची घडण सल्फा औषधासारखी नाही. लसणाची ॲलर्जी स्वतंत्रपणे होऊ शकते हे मान्य केले पाहिजे. सतत लसूण सोलणाऱ्या स्वयंपाक्यांच्या बोटांच्या टोकांना भेगा पडून त्वचा सोलवटते, तो लसणातील डायॲलिल डायसल्फाइडमुळे होणारा संपर्कजन्य विकार होय. परंतु ती लसणाची ॲलर्जी आहे. जिला ती आहे तिला सल्फा औषध सोसते आणि जिला सल्फा सोसत नाही तिला लसूण सोसतो. एकीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

लसूण सोडण्यास सांगणे ही किरकोळ बाब आहे असेही कोणी समजू नये. काश्यपसंहितेने लशुनासाठी स्वतंत्र कल्पाध्याय दिला आहे आणि अष्टांगहृदयाच्या रसायनाध्यायातही त्याचे सविस्तर वर्णन आहे. वातव्याधीने ग्रस्त वृद्ध रुग्णाला लशुनसिद्ध दूध द्यावयाचे असताना ते केवळ एका नामसाम्यामुळे नाकारले जात असेल, तर तो रुग्णावर अन्याय आहे. शिवाय एकदा घरातून लसूण, कांदा आणि अंडी बाहेर गेली की ती सहसा परत येत नाहीत. गर्भिणी, बालक व क्षीण रुग्ण ह्यांच्या बाबतीत ह्या वर्जनाचे मोल पोषणाच्या रूपाने मोजावे लागते.

सल्फाइटचा प्रश्न वेगळा

‘वैद्यराज, बेदाणे खाल्ले की मला दम लागतो, म्हणजे मला सल्फाची ॲलर्जीच ना?’ असे विचारणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याचे निरीक्षण खरे असते, निदान मात्र चुकलेले असते. द्राक्षे वाळविताना पिवळसर रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड बेदाण्यात सल्फाइटच्या रूपाने उरतो. जर्दाळू, फळांचे काही सरबती अर्क, द्राक्षमद्य ह्यांतही सल्फाइट संरक्षक म्हणून वापरले जाते. तमकश्वासाच्या काही रुग्णांमध्ये असा पदार्थ तोंडात घेताच सुटणाऱ्या वायूमुळे श्वासनलिका आकुंचन पावतात आणि काही मिनिटांतच वेग येतो. अमेरिकेत ताज्या, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळभाज्यांवर सल्फाइट फवारण्यास १९८६ मध्ये बंदी घालण्यात आली ती अशाच घटनांमुळे. भारतातही २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक सल्फाइट असल्यास तसा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. वेष्टनावरील २२० ते २२८ हे संरक्षकांचे क्रमांक सल्फाइटवर्गाचे आहेत, हे रुग्णांना सांगून ठेवावे.

महाराष्ट्रातील वैद्याला हा विषय विशेष जवळचा असावयास हवा. तासगाव-सांगलीचा बेदाणा आणि कोल्हापूरचा गूळ आपल्या पथ्यात व अनुपानात नित्याचे आहेत. गुळाला पिवळा धमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांत ‘हायड्रॉस’ म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात, हे सर्वश्रुत आहे. आपल्या बहुतांश कारखान्यांतील पांढरी साखरही उसाच्या रसावर चुना आणि सल्फर डायऑक्साइड ह्यांची प्रक्रिया करूनच तयार होते. तिच्यात राहणारा अंश अल्प असतो. आपल्या ग्रंथांनी जुन्या गुळाची प्रशंसा केली आहे, उजळ गुळाची नव्हे. तमकश्वासाच्या रुग्णाला गूळ वा मनुका सांगताना रंगावर जाऊ नये. काळपट गूळ आणि धुरी न दिलेल्या काळ्या मनुका सांगाव्यात. मात्र हा सल्ला त्याच्या श्वासविकारासाठी आहे. त्याच्या कागदावर सल्फा ॲलर्जी लिहिण्याचा येथे काही संबंध नाही, आणि उलट सल्फा ॲलर्जीच्या रुग्णाला बेदाणे बंद करण्याचाही नाही.

सल्फेटांबद्दलही तेच. कासीस, तुत्थ, स्फटिका ही सल्फेटे आहेत. पांडुरोगात आधुनिक वैद्य देतात ती लोहाची गोळी बहुधा फेरस सल्फेटची असते. दम्याच्या फवाऱ्यातील साल्ब्युटामॉल सल्फेटरूपात असू शकते. ह्यांतील प्रत्येकाचे गुणदोष स्वतंत्र आहेत, परंतु सल्फा ॲलर्जीशी त्यांचे नाते केवळ उच्चारापुरते आहे. ‘सल्फेट’ हा शब्द वाचून एखाद्या दमेकऱ्याने फवारा टाकून दिला तर त्या उच्चारसाम्याची किंमत त्याला प्राणाने चुकवावी लागेल.

गंधककल्पांचे काय?

आता आपल्या नित्य व्यवहारातील प्रश्न. सल्फा ॲलर्जी असलेल्या रुग्णाला गंधक रसायन, आरोग्यवर्धिनी, रसपर्पटी अथवा बाहेरून गंधकाचे मलम द्यावे की नाही? ह्या रुग्णांपैकी अनेक जण त्वचाविकारासाठीच आपल्याकडे येतात आणि चरकसंहितेच्या कुष्ठचिकित्सेपासून गंधकाचे स्थान तेथे निश्चित आहे. म्हणून प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

माझे उत्तर असे की, सल्फा ॲलर्जी हे गंधक नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. शुद्ध गंधकात तो अमाइन गट नाही आणि ते कडेही नाही. शरीरात त्याचे सल्फा औषधात रूपांतर होण्याचा मार्ग नाही. खरजेवर गंधकाचे मलम लावण्यासही त्या कारणाने आडकाठी नाही.

परंतु येथे थांबून चालणार नाही. ‘सल्फाचा संबंध नाही’ ह्याचा अर्थ ‘गंधककल्प सर्वांना निरपवाद सोसतो’ असा होत नाही. अशुद्ध गंधक कुष्ठ, ताप, भ्रम आणि पित्तविकार उत्पन्न करतो, असे आपले रसग्रंथच बजावतात. गाईच्या तुपात वितळवून दुधात गाळण्याचा शोधनविधी हा कर्मकांडाचा भाग नसून औषधाच्या सुरक्षिततेचा भाग आहे. गंधक रसायनाला चातुर्जात, गुडूची, त्रिफळा, भृंगराज, आर्द्रक अशा अनेक द्रव्यांच्या भावना असतात. त्यांतील एखादे द्रव्य रुग्णाला असात्म्य असू शकते. आरोग्यवर्धिनी, रसपर्पटी, रससिंदूर ह्यांत गंधकाबरोबर पारद आहे आणि पारदयुक्त कल्पांची मात्रा, कालावधी व वृक्कांची स्थिती ह्यांविषयीची दक्षता अनिवार्य आहे. असा कल्प घेतल्यावर रुग्णाच्या अंगावर पुरळ उठले तर ‘त्याला सल्फाची ॲलर्जी होती, म्हणून झाले’ असे म्हणणे ही सोयीची पळवाट ठरते. त्यामुळे शोधन नीट झाले होते का, भेसळ होती का, अनुपान कोणते होते, पथ्य पाळले गेले का, हे खरे प्रश्न विचारलेच जात नाहीत. अशा प्रत्येक घटनेची नोंद आयुष मंत्रालयाच्या औषधसतर्कता योजनेकडे झाली पाहिजे; तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. नोंदी झाल्या तरच गंधककल्पांविषयी आपण उद्या अधिकाराने बोलू शकू.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ ह्या युक्तिवादाला माझा विरोध आहे तो ह्याच कारणाने. हरताल आणि मनःशिला हीदेखील निसर्गात सापडणारी गंधकयुक्त द्रव्ये आहेत. त्यांच्यातील सोमलाचा धोका निसर्गाच्या नावाने कमी होत नाही. शुद्ध गंधक सल्फा ॲलर्जीच्या रुग्णाला देता येतो तो नैसर्गिक आहे म्हणून नव्हे, तर त्या ॲलर्जीला कारणीभूत असलेली घडण त्यात नाही म्हणून.

खरा धोका कोठे आहे?

गंधकाच्या भयात गुंतलेले लक्ष ज्या गोष्टीकडे वळावयास हवे ती गोष्ट म्हणजे सल्फा औषधे स्वतः. त्यांच्या नावात ‘सल्फा’ असेलच असे नाही. जुलाब, लघवीची जळजळ, खोकला ह्यांसाठी वर्षानुवर्षे दिले गेलेले को-ट्रायमॉक्साझोल हे त्यांतील सर्वांत परिचित. ‘सेप्ट्रान’, ‘बॅक्ट्रिम’ ही व्यापारी नावे त्याचीच. भाजल्यावर लावण्याच्या पांढऱ्या मलमात सिल्व्हर सल्फाडायझिन असते. डोळ्यांच्या काही थेंबांत सल्फासेटामाइड असते. हिवतापावरील एका जुन्या संयुक्त गोळीत सल्फाडॉक्सिन असते. आमवात आणि मोठ्या आतड्याच्या दाहासाठी दिले जाणारे सल्फासॅलाझिन प्रतिजैविक म्हणून दिले जात नसले तरी आतड्यात त्यापासून सल्फापिरिडिन सुटते. म्हणून तेही ह्याच यादीत. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचारातील डॅप्सोन हे सल्फोनामाइड नसून सल्फोन आहे, परंतु त्यात तसाच अमाइन गट असल्याने त्याबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. डॅप्सोन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ज्वर, पुरळ, कावीळ व ग्रंथिशोथ एकत्र दिसल्यास तो औषधाचाच उपद्रव समजावा.

सल्फा औषधाचे साधे पुरळ बहुधा औषध थांबविल्यावर शमते. परंतु स्टीव्हन्स-जॉन्सन विकार आणि त्याहून तीव्र अशी त्वचा सोलवटून जाण्याची अवस्था ह्यांच्या प्रमुख कारणांत सल्फा प्रतिजैविकांची गणना होते. औषध सुरू केल्यापासून सुमारे ४ ते २८ दिवसांत ज्वर, घसा दुखणे, डोळ्यांची आग ही लक्षणे दिसतात. पाठोपाठ तोंडात, ओठांवर व गुह्य भागी व्रण होतात, त्वचेवर काळपट तांबडे वेदनायुक्त डाग उठतात आणि त्यांवर फोड येतात. एचआयव्हीबाधित रुग्णांमध्ये सल्फाच्या प्रतिक्रिया इतरांहून कितीतरी अधिक आढळतात. असा रुग्ण ‘पित्त उठले आहे’ असे म्हणत प्रथम आपल्याच दारी येण्याचा संभव मोठा असतो. शीतपित्त, विसर्प वा विस्फोट समजून त्यावर शमनचिकित्सा करीत बसण्याचा हा प्रसंग नव्हे. संशयित औषध तत्क्षणी थांबवून त्याला सुसज्ज रुग्णालयात धाडणे, हेच त्या घटकेचे वैद्यकर्म होय. ह्या विलंबाने डोळे जातात आणि प्राणही जातात.

आधुनिक औषधे आयुर्वेदीय वैद्यांनी वापरावीत की नाही, ह्या वादात येथे शिरावयाचे नाही. जो वापरतो त्याने ही यादी जाणली पाहिजे हे उघड आहे. जो वापरीत नाही त्याच्याकडेही ही औषधे घेत असलेला रुग्ण येतोच. त्यामुळे त्याचीही सुटका नाही. आणि एक बजावणे आवश्यक आहे : हृद्रोग्याच्या फ्युरोसेमाइडवर ‘हे सल्फाच आहे’ असा शेरा मारून ते आपण बंद करू नये. शंका असल्यास औषध देणाऱ्या चिकित्सकाशी बोलावे.

काय विचारावे, काय लिहावे

ह्या सर्व विवेचनातून व्यवहारात करावयाचे काम थोडे आहे. रुग्ण ‘मला सल्फा चालत नाही’ असे म्हणाला की तेवढ्यावर थांबू नये. औषधाचे नाव काय होते, ते कशासाठी दिले होते, कितव्या दिवशी त्रास सुरू झाला, नेमके काय झाले, तोंडात व्रण वा अंगावर फोड आले होते का, रुग्णालयात दाखल व्हावे लागले का, त्यानंतर ते औषध पुन्हा कधी घेतले गेले का, हे सात प्रश्न विचारावेत. केवळ मळमळ वा उलटी झाली असेल तर ती बहुधा ॲलर्जी नव्हे, औषधाचा सामान्य उपद्रव होय. नाव आठवत नसेल तर जुने कागद आणण्यास सांगावे. खात्री करून घेण्यासाठी ते औषध पुन्हा देऊन पाहण्याचा प्रयोग आपल्या चिकित्सालयात कदापि करू नये.

मिळालेली माहिती आपल्या रुग्णपत्रिकेत पूर्ण वाक्यात लिहावी. ‘सल्फा ॲलर्जी’ ह्या दोन शब्दांऐवजी ‘को-ट्रायमॉक्साझोल घेतल्यावर नवव्या दिवशी सर्वांगावर पुरळ व ज्वर, सल्फा प्रतिजैविके वर्ज्य, आहार व गंधककल्प ह्यांना बाधा नाही’ असे लिहिण्यास अर्धे मिनिट अधिक लागते. तेच वाक्य मराठीत एका कार्डावर लिहून रुग्णाच्या हाती द्यावे. उद्या तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या चिकित्सकासमोर, कदाचित बोलण्याच्या स्थितीत नसताना जाईल, तेव्हा ते कार्ड त्याच्या वतीने बोलेल. घरच्यांनाही ते वाचता येईल आणि स्वयंपाकघरातील लसूण बाहेर फेकला जाणार नाही.

आपल्या शास्त्रात द्रव्यगुणाला जे महत्त्व आहे ते द्रव्याच्या नेमक्या ओळखीमुळे. संदिग्ध द्रव्यांवर आपण परिसंवाद भरवितो, रास्ना कोणती ह्यावर पिढ्यानपिढ्या चर्चा करतो. त्याच चिकाटीने ‘सल्फा’ ह्या एका संदिग्ध शब्दाचा निर्णय आपल्या प्रत्येक चिकित्सालयात व्हावा, आणि येत्या काळात आपल्या शाखांच्या मासिक सभांतून वरील औषधांची यादी व गंभीर प्रतिक्रियांची लक्षणे ह्यांवर एकेक चर्चासत्र घेतले जावे, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.